संध्याकाळी साडेसहाला येणारी चप्पल

पत्र

नमस्कार,

मी साताऱ्याची, वय सहासष्ट. आषाढात आमचे हे गेले, झोपेतच. आता चौथा महिना चालू आहे. पण पत्र यांच्याबद्दल नाही, यांच्या कुत्र्याबद्दल आहे.

नाव सोन्या. पिवळा लॅब्रॅडॉर, साडेआठ वर्षांचा. एसटीतून निवृत्त झाल्यावर यांनी हट्टाने आणला. ‘मुंबई पोलिसांच्या झंजीरच्या जातीचा आहे,’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे. खरं सांगते, मला तो कधीच आवडला नाही. केस, लाळ, पावसाळ्यात ओला वास. त्यात माझं देवाचं सोवळं, त्यामुळे स्वयंपाकघराचा उंबरठा त्याला कधी ओलांडू दिला नाही. त्याची आंघोळ, खाणं, फिरवणं सगळं हेच करायचे. पहाटे साडेपाचला दोघं चार भिंतीच्या टेकडीकडे निघायचे आणि येताना कोपऱ्यावरून दुधाची कापडी पिशवी सोन्या तोंडात धरून घरी आणायचा. रात्री यांच्या पलंगाखाली झोपायचा. आता मी खोलीचं दार लावून घेते, तो व्हरांड्यात असतो.

हे रोज संध्याकाळी वाचनालयातून साडेसहाला परत यायचे. अजूनही सोन्या सहा वाजता फाटकाशी जाऊन बसतो. साडेसहा झाले की उठतो, यांची चामड्याची चप्पल, एकच, तोंडात धरून आणतो आणि माझ्या पायाशी ठेवतो. मग टक लावून माझ्याकडे बघत बसतो. मी ती माळ्यावर टाकली, तर बाथरूममधली रबरी आणली. परवा माझा तोल गेला. त्याच चपलेने त्याला मारलं. मग रात्रभर रडले. काल त्याने परत आणली.

खाणं निम्म्यावर आलंय. चपातीला तूप लावून दिलं तर दोन घास खातो. उठताना मागचे पाय ओढतो. माझी गुडघ्याची गोळी अर्धी दिली तर चालेल का? रात्री रडतो म्हणून शेजारच्या काकू म्हणतात, हे अशुभ आहे, घरातलं आणखी कुणी जाणार. भाच्याने त्या जपानी कुत्र्याचा व्हिडिओ पाठवला, स्टेशनवर नऊ वर्षं वाट बघत मेला तो. हाही तसाच जाणार का? मुलगा जर्मनीत आहे. थंडीत तीन महिने माझ्याकडे ये आणि कुत्रा वाईजवळ माझ्या मित्राच्या शेतघरावर देऊन टाक, म्हणतो. मुलगी पुण्याला, पण तिच्या सोसायटीत कुत्रा चालत नाही म्हणे.

देऊन टाकू का त्याला? आणि लिहू नये ते लिहिते. मला त्याचा राग येतो. मी कसंबसं विसरायला बघते आणि हा रोज साडेसहाला आठवण आणून पायाशी टाकतो.

— सोन्याच्या घरची, सातारा

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: ‘काल त्याने परत आणली.’ ज्या चपलेचा मार बसला तीच घेऊन तो दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आला. चार महिन्यांच्या दुःखात एकदा हात उगारला गेला, त्याची शिक्षा स्वतःला देत बसू नका. पुन्हा मात्र मारू नका. तो काय करतोय हे एकदा कळलं की तुमचा हात उठणारच नाही, असं मला वाटतं.

पण त्याआधी डॉक्टर. उद्या किंवा परवा, त्यापलीकडे नको.

लॅब्रॅडॉरने ताट अर्धवट सोडणं ही साधी गोष्ट नाही. ही जात खादाड म्हणूनच ओळखली जाते आणि त्याला कारणही आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की साधारण दर चार लॅब्रॅडॉरमागे एकाच्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीव त्यांना नीट होतच नाही. अशा जातीचा कुत्रा तूप लावलेल्या चपातीकडे पाठ फिरवतो, तेव्हा ‘मालक गेले म्हणून उदास आहे’ एवढ्यावर थांबू नये. मी एकदा थांबले होते. माझी मुलगी हॉस्टेलला गेली त्याच आठवड्यात आमची कुत्री गप्प झाली, खाईना. ज्यांना दाखवलं तेही म्हणाले, ‘मुलीची आठवण येत असेल, येईल ठिकाणावर.’ दहा-बारा दिवस आम्ही तिची समजूत घालत राहिलो. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. गोचिडाचा ताप होता. वाचली ती, पण थोडक्यात.

तुमच्याकडे नुकताच पाऊस सरलाय, आणि गोचिडांचा जोर असतो तो याच दिवसांत. आज दुपारी सोन्याचे कान उलटून बघा, पायांच्या बोटांच्या बेचक्या बघा, हिरड्या बघा. गुलाबी असल्या तरी रक्ताची तपासणी करून घ्या, प्लेटलेट आणि मूत्रपिंडासकट. मागचे पाय ओढतोय म्हणजे खुब्याचा एक्स-रे लागेल. या जातीला खुब्याचं दुखणं पुष्कळ होतं आणि साडेआठ म्हणजे लॅब्रॅडॉरची उतारवयाची सुरुवात. तुमची गोळी मात्र त्याला देऊ नका, अर्धी काय, पावही नको. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्याच्यासाठी वेगळी औषधं मिळतात, ती डॉक्टर देतील. तोवर फरशीवर त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेत सतरंज्या टाका. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात आणि दुखणं वाढतं. आणि तूप थांबवा. नामदेवांनी तुपाची वाटी घेऊन कुत्र्याच्या मागे धाव घेतली, ती माया तुमच्याही हातात दिसते मला. पण या वयात फार स्निग्ध खाण्याने स्वादुपिंडाला सूज येते, ती जिवावर बेतू शकते. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्याच्या तोंडी लागू देऊ नका, द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषासारखे आहेत.

भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओचा विषय इथेच संपवते. तो हाचिको, अकिता जातीचा. त्याचे मालक टोकियोच्या विद्यापीठात प्राध्यापक होते, १९२५ साली गेले. त्यानंतर १९३५ पर्यंत तो शिबुया स्टेशनवर येत राहिला हे खरं आहे. व्हिडिओत बहुधा सांगत नाहीत ते एवढंच, की त्याचे अवयव विद्यापीठाने जपून ठेवले होते आणि पुढे बऱ्याच वर्षांनी ते तपासले तेव्हा त्याला कर्करोग आणि हृदयात जंत, दोन्ही असल्याचं निघालं. तो वाट बघत होता, आणि आजारीही होता. सोन्याची वाट बघणं थांबवणं तुमच्या हातात नाही. त्याचा आजार शोधणं आहे.

आता चप्पल.

लॅब्रॅडॉरचं पूर्ण नाव लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर, आणि रिट्रीव्हर म्हणजे परत आणून देणारा. सोन्याचे पूर्वज उत्तर अटलांटिकमधल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या होड्यांवर असायचे. थंडगार पाण्यात उडी मारून दोर, जाळ्याची टोकं, गळातून निसटलेला मासा असं काय काय ओढून आणायचे. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडात आले आणि तिथल्या जमीनदारांनी त्यांना शिकारीला लावलं. १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने लॅब्रॅडॉर ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. काम असं, की गोळी लागून पक्षी कुठेतरी गवतात, पाण्यात पडायचा. कुत्र्याने तो शोधायचा, दाताचा एकही व्रण न उठवता अलगद उचलायचा आणि आणून द्यायचा. कुठे द्यायचा? जमिनीवर टाकायचा नाही. माणसाच्या हातात द्यायचा. पिढ्यानपिढ्या जे पिल्लू हे मनापासून करायचं त्याचीच वीण वाढवली गेली. त्यामुळे तोंडात काहीतरी अलगद धरणं आणि ते आपल्या माणसाच्या हाती सोपवणं, या दोन गोष्टी सोन्याच्या रक्तातच आहेत. त्याला त्या कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत.

तुमच्या यजमानांनी हे बरोबर ओळखलं होतं. म्हणून त्यांनी त्याला दुधाची पिशवी दिली. आठ वर्षं, पहाटेच्या अंधारात, कोपऱ्यापासून तुमच्या दारापर्यंत ती पिशवी त्याने वाहिली. त्या पिशवीवर दाताचं भोक कधी पडल्याचं आठवतं का तुम्हाला? मला नाही वाटत पडलं असेल. आणि मग आषाढातल्या एका रात्रीनंतर ते काम एकदम थांबलं. ना पिशवी, ना कोपरा, ना हात.

यजमान एसटीतून निवृत्त झाले तेव्हाचे पहिले दिवस आठवा. ड्युटीच्या वेळेला आपोआप जाग येणं, आंघोळ करून उगाच तयार होऊन बसणं, घड्याळाकडे बघणं. बहुतेक घरांत हे झालेलं असतं. सोन्याचं तेच चाललंय. फरक इतकाच, की यजमानांना त्या रिकाम्या वेळात सोन्या मिळाला. सोन्याला अजून कुणी मिळालेलं नाही.

म्हणून तो चप्पल आणतो. तीत यजमानांचा वास आहे हे खरंच. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात कुत्र्यांना एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवून त्यांचे मेंदू तपासले गेले. तेव्हा ओळखीच्या माणसाचा वास आल्यावर, तो माणूस समोर नसतानाही, आनंदाच्या अपेक्षेशी जोडलेला मेंदूचा भाग सगळ्यात जास्त उजळलेला दिसला. पण नुसता वासच हवा असता तर सोन्या ती चप्पल घेऊन एखाद्या कोपऱ्यात जाऊन पडला असता. तो तसं करत नाही. चप्पल माळ्यावर गेली तर रबरी उचलतो. कोणती वस्तू हे त्याच्यासाठी दुय्यम आहे. तो ती कुणाकडे आणतो बघा. घरात दुसरं कुणी येत-जात असेल, कामाच्या बाई असतील, शेजारच्या काकू असतील. त्यांच्या पायाशी नाही ठेवत तो. तुमच्याकडे आणतो, आणि पायाशी ठेवतो कारण तुम्ही हात पुढे करत नाही.

ताई, तो तुम्हाला गेलेल्या माणसाची आठवण टोचत नाहीये. घरात उरलेल्या माणसाला तो विचारतोय, की आता मी हे तुमच्याकडे द्यायचं का?

त्या टक लावून बघण्याचंही तेच आहे. तुम्हाला त्याची धास्ती वाटते, कारण लांडगा किंवा अनोळखी कुत्रा रोखून बघतो ते धमकावण्यासाठी. पाळलेल्या कुत्र्याचं आपल्या माणसाकडे बघणं निराळं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली मोजून पाहिलं. कुत्रा आणि मालक बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई बाळाकडे बघते तेव्हा जे संप्रेरक काम करतं तेच हे. उद्या तो तसा बघेल तेव्हा मान फिरवू नका. पाच-दहा क्षण शांतपणे बघा त्याच्याकडे. तुम्हाला तो आवडायलाच हवा असं मी म्हणत नाही.

रात्रीच्या रडण्याचं कारण तर तुम्हीच लिहिलंय, आणि कदाचित लिहिताना तुमच्याही लक्षात आलं नसेल. आठ वर्षं पलंगाखाली झोपणारा कुत्रा एका रात्रीत दाराबाहेर गेला. त्याचा माणूस गेला आणि त्याच दिवशी त्याची जागाही गेली. आत तुम्ही एकट्या जाग्या, बाहेर तो एकटा जागा, मध्ये एक लाकडी दार. ते दार उघडं ठेवा. पलंगाखाली नको वाटत असेल तर खोलीच्या तोंडाशी, तुम्ही त्याला दिसाल अशा जागी, यजमानांच्या अंगावरची एखादी जुनी गोधडी टाका. न धुता. मला वाटतं आठवड्याभरात रडणं पुष्कळ कमी होईल. आणि काकूंना माझा नमस्कार सांगून विचारा, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे उभे असतात ते अशुभ म्हणून का? खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो तो अशुभ म्हणून का? काकू वाईट मनाने बोलल्या नसतील. पण ज्या घरात नुकतंच माणूस गेलंय तिथे ‘आणखी कुणी जाणार’ हे शब्द उच्चारू नयेत, एवढं त्यांना सांगायचा हक्क तुम्हाला आहे.

तुमचं सोवळं मोडा असं मी मुळीच सांगणार नाही. स्वयंपाकघराचा उंबरठा आठ वर्षं त्याने पाळला, पुढेही पाळेल. कुत्र्याला कुठली जागा आपली आणि कुठली नाही हे ठरलेलं असलं की उलट बरं वाटतं. तुमच्या घरातली तेवढी एक गोष्ट या चार महिन्यांत बदललेली नाही, ती तशीच राहू द्या.

शेतघराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नको. मुलाचा हेतू चांगला आहे, आईची काळजी आहे त्यामागे, हे मला कळतं. पण ‘मोकळी हवा, भरपूर जागा’ ही माणसाची कल्पना आहे. लॅब्रॅडॉरला एकरभर जागा नको असते, एक माणूस हवा असतो. शेतघरावर तो बहुतेक वेळ साखळीला असेल, कारण तिथे कुत्रा ठेवतात तो राखणीला. आणि राखण या जातीला जमत नाही. चोर आला तर हा त्याचीही चप्पल उचलून त्याच्या हातात देईल. साडेआठ वर्षांचा, खुबा दुखणारा, नुकताच माणूस गमावलेला कुत्रा अनोळखी गड्याच्या हाती, साखळीला. मी असे कुत्रे पाहिलेत. ते भुंकत नाहीत, नुसते रस्त्याकडे तोंड करून पडलेले असतात.

मग तुमच्याशी तो जुळवून घेईल का, जन्मभर ‘यांचा’ असलेला कुत्रा? ही शंका तुम्ही विचारली नाहीत, पण तुमच्या पत्रात ती जागोजागी आहे. एकच उदाहरण देते. अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे जगभर बहुतांशी लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा त्या दोघांच्या संकराचे असतात. ते पिल्लू पहिलं वर्षभर एका कुटुंबात वाढतं, तिथल्या माणसांवर जीव लावतं. मग प्रशिक्षकाकडे जातं, त्याच्यावर लावतं. आणि मग त्या अंध माणसाकडे, ज्याचा रस्ता ओलांडणं त्याच्या भरवशावर असतं. तीन घरं, तीन माणसं. तिसऱ्यावरचा जीव पहिल्यापेक्षा कमी पडला असता तर भर रहदारीत त्याच्या हाती कुणी स्वतःला सोपवलंच नसतं. हे बेइमान होणं नाही. जो हात समोर आहे त्याचं होणं, हीच या जातीची निष्ठा आहे. यजमान झंजीरचं नाव घ्यायचे ना? १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्या एका लॅब्रॅडॉरने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुडकून दिलं. स्फोटकं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या माणसाने शोध म्हटलं म्हणून त्याने शोधलं, एवढंच.

पहाटेच्या फिरण्याचं मात्र सांभाळून ठरवायला हवं. तुमचा गुडघा दुखतो आणि त्याचं वजन तीस किलोंच्या पुढे नक्की असणार. मांजर दिसल्यावर एक हिसका दिला तर तुमचं मनगट मोडेल, ही अतिशयोक्ती नाही. तेव्हा चार भिंतीकडे जायचं काम तुमचं नाही. यजमानांच्या सकाळच्या फेरीची मंडळी असतीलच ना? त्यांच्यातल्या एखाद्याला फोन करा. तुम्हाला संकोच वाटेल, पण गेलेल्या मित्राच्या घरासाठी आपण काय करू शकतो हे न सुचून ती माणसंही अवघडलेली असतात. ‘सोन्याला बरोबर न्याल का’ हे ऐकून त्यांना बरंच वाटेल. ते जमलं नाही तर गल्लीतला एखादा कॉलेजचा मुलगा बघा, आणि त्याला महिन्याचे पैसे ठरवून द्या, फुकटात नको. पायाचं निदान होईपर्यंत चढ मात्र टाळायला सांगा.

तुम्ही जायचं ते फक्त कोपऱ्यापर्यंत, दुधाला. गळ्यातला पट्टा काढून छातीपट्टा घ्या, ज्याची दोरी पुढे छातीवर अडकते तसा. ओढायला लागला की तो आपोआप बाजूला वळतो. आणि दोरी मनगटाला गुंडाळू नका, नुसती मुठीत धरा, म्हणजे वेळ आलीच तर सोडता येते. सोडलीत तर सोडलीत, तो घराकडेच जाईल.

आता ‘लोक काय म्हणतील’. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी आपल्याच लोकांत वाढलेय. नवरा जाऊन वर्ष व्हायचंय आणि बाई पहाटे कुत्रा घेऊन रस्त्यावर. माझ्या आईने वडील गेल्यावर तेरा महिने पायरी उतरली नव्हती. भाजीही दारातच घ्यायची. तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, तिला बाहेर पडायला निमित्तच नव्हतं. शेवटी ती जिना उतरली तेव्हा तिचे पाय थरथरत होते, आणि मी तिचा दंड धरला होता. तुमच्याकडे निमित्त आहे, चार पायांचं, आणि त्याला रोज बाहेर जावंच लागतं. कुणी काही म्हणालंच तर ‘दूध आणायला चाललेय’ एवढं उत्तर पुरे आहे.

जर्मनीचं विचाराल तर या थंडीत जाऊ नका, असं मला वाटतं. सोन्याची तपासणी, औषधं, नवी घडी, याला दोन-तीन महिने लागतील, आणि तुम्हालाही. मुलाला सांगा, पुढच्या उन्हाळ्यात येते. तोवर मुलीकडची तयारी करा. सोसायटीत कुत्रा चालत नाही हे ऐकीव असतं बरेचदा. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ म्हटलंय की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. मुलीला त्या सूचना काढून समितीपुढे ठेवायला सांगा, भांडून नाही, शांतपणे. आणि एकदम तीन महिने नकोत. आधी दोन रात्री, मग आठवडा, गोधडीसकट. आणखी एक गोष्ट, तुमच्या पश्चात सोन्याचं कोण करेल हे मुलीशी आत्ताच बोलून ठेवा. अशुभ म्हणून नाही. यजमानांना ते बोलायला वेळ मिळाला नाही, म्हणून.

राहिला तुमचा राग. तो लिहिलात म्हणून मला तुमच्याबद्दल फार जिव्हाळा वाटला. घरात सगळे तुमच्यासमोर जपून बोलत असतील. भिंतीवरच्या फोटोला हार घातलेला, वाचनालयाची पुस्तकं परत केलेली, कपडे कुणाला तरी दिलेले. सगळ्यांनी मिळून घर आवरून टाकलं. एकटा सोन्या आवरला गेला नाही. यजमान साडेसहाला यायचे हे अजून उघडपणे म्हणणारा तुमच्या घरात तोच आहे. तुम्ही विसरायला बघताय आणि तो विसरू देत नाही, म्हणून राग येतो. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार चार महिन्यांत विसरायला तुम्हाला सांगितलंय कुणी? साडेसहाला तुम्हाला रडू आलं तर रडा. त्याच्यासमोर रडा. तो काही तुम्हाला ‘आता सावरा’ म्हणणार नाही.

तर आज संध्याकाळी असं करा. माळ्यावरची चामडी चप्पल खाली काढून जागेवर ठेवा. सहाला तो फाटकाशी गेला की जाऊ द्या. साडेसहाला व्हरांड्याच्या पायरीवर बसा, म्हणजे गुडघ्याला वाकावं लागणार नाही. तो चप्पल घेऊन येईल तेव्हा तळहात वर करून पुढे धरा. यजमान पिशवी घेताना काहीतरी म्हणत असतील, ‘दे’ किंवा ‘शाब्बास’ किंवा आणखी काही. तो शब्द आठ वर्षं तुमच्या कानावर पडलाय, तोच म्हणा, तुमच्या आवाजात. पहिल्यांदा तो गोंधळेल, कदाचित चप्पल तोंडात धरून नुसताच उभा राहील. ओढून घेऊ नका. हात तसाच ठेवा. तो सोडेल. सोडली की ती चप्पल शेजारी ठेवा आणि त्याच्या मानेवर हात फिरवा, नंतर साबणाने धुवा हवा तर.

चार-पाच दिवस हे झालं, आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, की पहाटे कोपऱ्यावर जा आणि परत येताना पिशवी त्याच्याकडे द्या. जुनीच द्या, धुतलेली असली तरी चालेल. पहिले काही दिवस तीत दूध ठेवू नका, घडी घातलेला टॉवेल ठेवा. सवय मोडलीय, एखादे वेळी मध्येच खाली ठेवेल. ठेवली तर उचलू नका, त्याच्या शेजारी उभ्या राहा. त्याला ती घरापर्यंत न्यायची आहे. दारात पोचल्यावर हात पुढे करायचा तेवढा विसरू नका.

पिशवी किती दिवसांनी न थांबता दारापर्यंत आली, ते मला नक्की कळवा. आणि रक्ताचा रिपोर्टही.